द्राक्षाच्या ओळीतली हाक

अगं सुमन, आपली नात ईरा इथल्या सिंगापूरच्या चांगी विमानतळाच्या काचेआड गेली आणि मी काचेला हात लावून उभीच राहिले. मी निफाड सोडलं तेव्हा तू बांधावर पदर डोळ्यांना लावून उभी होतीस. तेव्हासुद्धा मी इतकी भ्याले नव्हते. मी निदान लेकाच्या घरी येत होते. ही पोर एकटी फ्रान्सला, बोर्डोला, द्राक्षबागेत काम शिकायला! काँडोत, म्हणजे इथल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटात वाढलेली, पायाला कधी माती लागली नाही, आणि निवडलं काय, तर आपलंच काम.

"आई, ती शिकायला गेलीय, लढाईला नाही," म्हणत लेक एमआरटी मेट्रो पकडायला पळाला. त्याला काय!

फोनवर ती तिथली जमीन दाखवायची. नुसते गोटे गं, नदीने वाहून आणलेले! "आजी, पाऊस झिरपून जातो, मुळं पाण्यासाठी खोल जातात. दिवसा दगड तापतात, रात्री वेलींना ऊब देतात. हीटरच, लाह!" इथल्या पोरांचं ते 'लाह' तिथेही सुटलं नाही तिचं. पलीकडच्या तीरावर म्हणे चिकणमाती, गारवा धरणारी, तिथे द्राक्षाची जात वेगळी, वाइनही मऊ. मला मामंजी आठवले. काळ्या रानात बाग लावू दिली नाही त्यांनी. "काळीत पाला माजतो, मण्यात काही उतरत नाही," म्हणायचे. म्हणून मुरमाड चढावर लावली आपण.

मग कोवळे कोंब फुटले आणि ईरा म्हणाली, उद्या पहाटे दंव गोठणार, बागेत मोठ्या मेणबत्त्या पेटवायच्यात. थंडीच्या लाटेत आपण दोघी जावा शेकोट्या पेटवत होतो, धुरात तू चक्कर येऊन पडलीस आणि मला सापडेनास, ती पहाट डोळ्यांपुढे आली. तेव्हापासून ओळ संपली की हाक मारायची, दुसरीनं ओ द्यायची, हे आपलं ठरलेलं. तेच ईराला बजावलं. हसली नुसती.

तिथली पहाट म्हणजे इथली दुपार. इथल्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर समुद्राकडे बघत फोन लावत बसले. उचलेचना. शेजारी लोक मजेत सायकली चालवताहेत.

संध्याकाळ होत आली तेव्हा तिचाच फोन आला. नाक काजळीनं काळं.

"आजी, वरच्या बागा गेल्या. आमची नदीजवळ ना, पाण्याच्या उबेनं वाचली."

"खड्ड्यात गेली बाग! तू बरी आहेस ना?"

"आहे गं. सोबतच्या फ्रेंच मुलीलाही 'ओ' म्हणायला शिकवलं. घसा बसलाय आमचा!"

तेव्हा कुठे रडू फुटलं.

भीती काही जात नाही बघ. निफाड, सिंगापूर, बोर्डो, मला आता सारखंच. हाक मारली की ओ येते, ते घर. म्हणून सांगते, सुमन, फोन पिठाच्या डब्यावर ठेवून रानात जाऊ नकोस. मी इथून हाक मारत असते.