सव्वा मुठीबाहेरच्या पोरी

कुंदाबाई चालता चालता झोपते, असं गावात म्हणायचे. आता अगदीच खोटं नव्हतं ते. सोनगीरच्या किल्ल्यापलीकडच्या त्या गावात ती नऊ वर्षं नर्सबाई होती, पण खांद्याला लशीचा डबा लावून बांधावरून निघाली की तिचं चित्त भलतीकडेच. कपाशीच्या ओळी दिसल्या की तिला वाटायचं, गावातली बठ्ठी, झाडून सगळी पोरं अशीच रांगेत उभी आहेत, बाह्या वर करून, आणि एकही पळत नाहीये. या तंद्रीत ती दोनदा लोकांच्या विहिरीपर्यंत जाऊन आली होती. हाका मारून वळवावं लागलं.

खरी पोरं मात्र पळायची. पोरं कसली, आयाच लपवायच्या! सुई टोचली की ताप येतो, पोर किरकिरतं, मग निंदणीला कोण जाणार? नर्सबाई दारात आली रे आली की पोर कणगीमागे. घरात जणू पाळणा हललाच नव्हता कधी.

मग एका श्रावणात यशोदाबाईच्या ओसरीवर तिला युक्ती सापडली. यशोदाबाई म्हणजे गावातल्या मोठ्या भावकीतली जाणती म्हातारी. श्रावणात घरी बसवायच्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू मोजायचा मान तिचा. एकेकाचं नाव घ्यायचं आणि सुपात सव्वा मूठ गहू टाकायचा, अगदी अंगावर पिणाऱ्याच्या नावानंसुद्धा. कुंदाबाई खांबाला टेकून पेंगत होती. लोटन, लोटनचा थोरला, लोटनचा धाकटा... नावं कानावरून वाहत होती. आणि ती खाडकन जागी झाली. अगं बाई, ही तर आयती यादी!

"एकही नाव सुटत नाही का हो, अक्का?"

"कानबाईपुढे खोटं कोन बोलस?" यशोदाबाई म्हणाली.

झालं! त्या वर्षापासून कुंदाबाई दर श्रावणात त्या खांबाशी वही घेऊन बसू लागली. मग दारोदार जाऊन म्हणायची, "काढा त्याला कणगीमागून. कानबाईनं सांगितलंय मला." आया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि पोर पुढे करायच्या. वरच्या साहेबांनी भर बैठकीत शाबासकी दिली. त्या दिवशी तर बाई रस्ता सोडून शेजारच्या गावाला पोचली.

अठ्ठ्याऐंशीची दिवाळी सरली होती. एका सकाळी लोटनची बायको भागाबाई उपकेंद्रात धावत आली. "बाई, मथीनं नरडं सुजनं शे. पानी बी गिळस नही!"

मथी म्हणजे लोटनची चार वर्षांची मुलगी. म्हाताऱ्यांनी गालफुगी म्हणून दोन दिवस लेप लावला होता. कुंदाबाईनं चमच्यानं जीभ दाबली, बॅटरी मारली. घशात राखाडी पापुद्रा धरलेला, तोंडाला घाण वास, मान सुजून खांद्याशी एक झालेली. घटसर्प! तिनं वही उघडली. लोटनचे दोन्ही मुलगे होते, तिन्ही डोस घेतलेले. मथी नव्हती.

ती पानं उलटत राहिली. आयांनी आपणहून आणलेल्या मुली होत्या. लपवलेल्यांतली एकही नव्हती. कशी असणार? सव्वा मूठ पडते ती पुरुषाच्या नावानं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट, बाईच्या जन्माला आलेल्या कुंदाबाईच्या ध्यानातच आली नाही. सहा वर्षं तिनं पोरींना शोधलंच नव्हतं. तिनं वही मिटली आणि मथीला उचललं.

हायवेवर कापसाचा ट्रक मिळाला. केबिनमध्ये मथीला उभी धरून ती बसली, शेजारी लोटन. बाहेर धुकं, वरच्या गाठोड्यांतून कापसाचे पुंजके सुटून मागे उडत होते. प्रत्येक श्वासाला मथीचा घसा घरघरायचा. कुंदाबाईला धुक्यात रांग दिसत होती, तीच, बाह्या वर केलेली. आज त्यात नुसत्या मुली होत्या आणि कुणाचंच नाव तिला येत नव्हतं. 'कानबाई माय, ही घरघर थांबू नको देऊ,' ती पुटपुटत होती. धुळे येईपर्यंत तिला दुसरं काही सुचलं नाही.

दवाखान्यात सीरम टोचलं, प्राणवायू लावला. डॉक्टरांनी विचारलं, "लस झाली होती?"

आईनं लपवली होती, असं सांगता आलं असतं. "नाही साहेब. चूक माझी," कुंदाबाई म्हणाली.

"घरातल्या बाकीच्यांनाही औषध द्यावं लागेल." डॉक्टर लोटनकडे वळले. "मुलं किती तुम्हाला?"

"दोन, साहेब," लोटन म्हणाला. हातात मथीचे पाय होते. ते तो सकाळपासून चोळत होता.

"लोटनभाऊ! मग ही कोण?" नऊ वर्षांत कुंदाबाईचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. लोटननं पोरीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा पडला, की तिला पुढे बोलवेना. आणि बोलणार तरी कोणत्या तोंडानं?

संध्याकाळच्या आत ती लस घेऊन गावात परतली. ओसरीवर बायका जमल्या. "चुकले मी," ती म्हणाली. "पोरींची नावं सांगा." यशोदाबाईनं वही तिच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "लिखी ले." म्हातारीला सगळी नावं पाठ होती, कुणाची कितवी तेसुद्धा. एकोणीस निघाल्या. एकीलाही कणगीमागे जाऊ दिलं नाही कुणी. "मथी कशी शे?" प्रत्येक आई विचारायची. "श्वास चालू आहे," एवढंच कुंदाबाई सांगायची.

तीन आठवड्यांनी लोटन मथीला खांद्यावर घेऊन एसटीतून उतरला. पोर सुकून काडी झाली होती. भागाबाईनं तिला खाली घेतलं, तोच मथीला कुंदाबाईच्या खांद्यावरचा डबा दिसला आणि तिनं भोकाड पसरलं! घोगरं, नाकातलं, सगळी आळी जमा करणारं. भागाबाई ओशाळून तिच्या तोंडावर हात ठेवायला गेली.

"रडू दे वं तिले," कुंदाबाई ओरडली. "अजून जोरात रडू दे." आणि तिथंच धुळीत बसून ती स्वतःही रडायला लागली.