लाल पेनाचं टोपण

मी गोष्टी सांगणारा माणूस. आमच्या नात्यात कुणाचा गृहप्रवेश असो, कुणाचा साखरपुडा असो – बुद्धवंदना झाली, जेवणं उरकली, की बायका-पोरं सतरंजीवर सरकून बसतात आणि कुणीतरी म्हणतंच, "दाजी, होऊन जाऊ द्या." मग मी आढेवेढे घेतो. दोनच मिनिटं. त्याहून जास्त घेतले तर लोक खरंच उठून जातील, ही धास्ती.

तुमच्याजवळ बोलतो, कारण तुम्ही आमच्या नात्यातले नाही. एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. म्हणजे – सांगितली. पन्नासेक वेळा सांगितली. लोक पोट धरून हसले. पण मी सांगत आलो ती आणि घडली ती, या दोन –

थांबा. आधी माणसं सांगतो. ते मला जमतं.

मी बदनापूरला शाळेत विज्ञान शिकवतो. बायको संगीता, मुलगी प्रज्ञा. आणि संगीताचा धाकटा भाऊ मिलिंद. मंठ्याला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, आणि टेबलावर पोट उघडं टाकून पडलेले चार-पाच कॉम्प्युटर. माणूस अबोल. मी दहा वाक्यं बोललो की तो एकदा "हां दाजी" म्हणतो, आणि माझी दहा वाक्यं त्यातच संपून जातात.

सहा वर्षांपूर्वी प्रज्ञाची बारावी झाली. तिला डिझाइनच्या कॉलेजात जायचं होतं, आणि त्यांच्याकडे स्वतः केलेलं काम पाठवावं लागत होतं. पोरीने अंबडची बारव घेतली. कॉम्प्युटरवर दगड न् दगड उभा केला – आपण पायरी-पायरीने खाली उतरतोय आणि पाणी जवळ येतंय, अशी ती फिल्म होती. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पाय सांभाळून बसलो होतो, खोटं नाही सांगत. (हे वाक्य माझ्या तोंडी शोभतं का? पुढे बघा.)

पण आमचा कॉम्प्युटर कंपनीने आयता जोडून दिलेला. दिसायला रुबाबदार, आतून बेताचा. सातव्या पायरीवर आला की पंखा घुंई करायचा, पडदा काळा. परत पहिल्यापासून उतरा, परत सातवी पायरी, परत अंधार. काम पाठवायला अकरा दिवस उरले होते. पोरीने जेवण सोडलं नव्हतं, पण ताटात बोट फिरवत बसायची. बापाला ते जास्त लागतं.

मिलिंदला फोन केला. म्हणाला, "दाजी, ग्राफिक्स कार्ड बदलावं लागंल. चित्र काढायचं काम तेच करतं, अन् तुमच्यातलं लई बारकं हाय. पण कंपनीचा डबा हाय, आत जागा कमी असती, कुठलंबी कार्ड बसत न्हाई. मी बराबर बघून पाठवतो. रईवारी येऊन राह्यलो." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "अन् दाजी – तवर हात नका लावू."

हात नका लावू! मला! बावीस वर्षं पोरांना तरफेचे तीन प्रकार शिकवणाऱ्या माणसाला!

कार्ड त्याने शुक्रवारी ओळखीच्या कंडक्टरजवळ दिलं. शनिवारी माझी शाळा अर्धी. संगीता आणि प्रज्ञा जालन्याला गेलेल्या. घरात मी, ते कार्ड आणि कॉम्प्युटर. तो प्रज्ञाने आधीच सगळ्या वायरी काढून टेबलावर आडवा करून ठेवलेला, मामासाठी.

मला काय हवं होतं? विचार करून सांगतो – पोर घरी यावी, बटण दाबावं, आठवी पायरी उतरावी आणि तिने विचारावं, "पप्पा, तुम्ही केलं?" बस. एवढंच. मामाचं नाव दर वेळी येतं, एकदा माझं यावं. पन्नाशीला आलेल्या माणसाची ही हौस. सांगतानाही लाज वाटते.

मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले. दोन्हींतला माणूस हसत हसत जुनं कार्ड काढतो, हसत हसत नवं घालतो. त्यात काय आहे? मी बाजूचं झाकण उघडलं. मागचा स्क्रू काढला. कार्ड धरलं आणि वर ओढलं. येईना. कार्ड ज्या खाचेत बसतं त्याला स्लॉट म्हणतात, आणि स्लॉटच्या शेपटीला एक छोटी खिटी असते. ती दाबली की कार्ड आपोआप सुटतं. व्हिडिओत हे सांगितलं होतं. पण तेवढे दहा सेकंद मी पुढे ढकलले होते. मला वाटलं, चॅनल सबस्क्राइब करा म्हणत असेल.

कुठंतरी काही अडलंय एवढं कळलं. खिशातलं पेपर तपासायचं लाल पेन काढून मागे ढोसलं. नको त्या दिशेने ढोसलं. पेनाचं टोपण निसटून आत पडलं, कुठं गेलं ते दिसेना. मग मला राग आला. आणि शेंगांच्या हंगामात वेल धरून उपटतात तसं, दोन्ही हातांनी –

कट्.

आवाज छोटासाच होता. खिटी तुटून टेबलावर आली आणि स्लॉट एका बाजूने उचकटून वर आला. मोडला. माझ्या हातून.

मी काय केलं असेल, सांगा? कार्ड पुन्हा तसंच दाबून बसवलं. स्क्रू लावला. झाकण लावलं. वरून फडक्याने पुसलंही. तुटकी खिटी कागदात गुंडाळून बाहेर गटारीत टाकली. संध्याकाळी दोघी आल्या तेव्हा मी पेपर तपासत होतो. फार मन लावून.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच असतं तर मी ते केव्हाच हसत हसत सांगून टाकलं असतं.

रविवारी सकाळी मिलिंद आला. चहासुद्धा नंतर म्हणाला. झाकण उघडलं. आम्ही तिघं भोवती, मी बॅटरी धरलेली. त्याचं बोट खिटीच्या जागी गेलं आणि तिथंच थांबलं. खिटी नव्हती. त्याने कार्ड अगदी हलकं धरलं, नुसतं सरळ करायला – आणि कार्डाबरोबर अर्धा स्लॉट हातात आला.

आणि माझं तोंड माझ्याआधी बोललं: "अरे मिलिंद! काय केलंस रे हे?"

मी ठरवलं नव्हतं. खरंच. पण तोंडातून गेल्यावर गिळलंही नाही. प्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला. संगीता भावावर कडाडली, "मिल्या, तुला धीर म्हणून न्हाई का रं! पोरीचं वर्ष घालवतो का?"

मिलिंद डब्यावर वाकला. आत बघत राहिला. मग खालच्या पंख्याजवळून दोन बोटांनी काहीतरी उचललं – लाल टोपण. ते बघितलं. मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. तिथं लाल पेन होतं, उघडं, आणि खिशाला रुपयाएवढा लाल डाग. मग त्याने ते टोपण स्वतःच्या खिशात टाकलं.

"हां," तो म्हणाला. "माझ्याच हातानं झालं ताई. जोर जास्त लागला."

आमच्याकडे जावयाला कुणी खोटं पाडत नाही. मी सासरी गेलो की आजही खुर्ची मला आणि सतरंजी मिलिंदला – घर त्याचं असून. बहिणीच्या दारात, भाचीच्या देखत, दाजींच्या खिशाकडे बोट दाखवणं त्याच्याने झालं नसतं. हे मला माहीत होतं. मी नेमका त्याच्याच आडोशाला उभा राहिलो, बॅटरी धरून.

त्याने अख्खा डबा चादरीत गुंडाळला, मांडीवर घेऊन बसने निघाला. स्लॉट आतल्या मुख्य बोर्डालाच जोडलेला असतो, आणि कंपनीच्या डब्याचा बोर्डही कंपनीचाच लागतो, बाजारात सहज मिळत नाही. जालना पालथं घातलं, पुढे छत्रपती संभाजीनगरला गेला, भंगारात निघालेला त्याच मॉडेलचा एक कॉम्प्युटर शोधला, त्याचा बोर्ड काढून आमच्यात बसवला. त्यावर नवं कार्ड. बुधवारी संध्याकाळी परत आला तेव्हा दाढी वाढलेली, दुकान चार दिवस बंद. खर्चाचं नाव काढू दिलं नाही – "मीच मोडलं ना." प्रज्ञाने बटण दाबलं. आठवी पायरी. नववी. पाणी आलं. पोर मामाच्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

तिला प्रवेश मिळाला. आज ती जे काही आहे, तिच्या ताटात स्वतःच्या कमाईचा जो घास आहे, तो त्या चार दिवसांमुळे आहे. एवढं तरी मी कधी विसरलो नाही. मनातल्या मनात. मनातल्या मनात मी फार प्रामाणिक माणूस आहे.

पण बाहेर? दोन महिन्यांनी एका साखरपुड्यात कुणीतरी म्हणालं, दाजी, होऊन जाऊ द्या. आणि मी सुरू केलं – "आमच्या मिलिंद डॉक्टरांचं ऑपरेशन ऐकलंत का?" लोक हसले. पुढच्या वेळी मी त्यात कार्ड ओढण्यासाठी मिलिंदचा पाय टेबलाला लावला. त्याच्या पुढच्या वेळी तो कार्डासकट मागच्या मागे कोलमडला. गोष्ट दर वेळी वाढत गेली. मिलिंद सतरंजीवर बसलेला असायचा, सगळ्यांबरोबर हसायचा. "दाजी लई रंगवून सांगतेत," म्हणायचा. मला वाटायचं – बघा, त्याला काही वाटत नाही. खरंच असं वाटायचं मला? की वाटून घेत होतो?

आता ते, ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला घेतलं.

तीन वर्षांपूर्वी अंबडकडच्या एका शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला. प्रशिक्षणातली ओळख. त्यांच्याकडे वीस कॉम्प्युटरची लॅब होणार होती, वर्षभर सांभाळायला भरवशाचा माणूस पाहिजे होता. मिलिंदने अर्ज केलेला. ते म्हणाले, "सर, अर्जात नातेवाईक म्हणून तुमचं नाव दिसलं. माणूस कसाय? तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं. एक वाक्य पुरलं असतं – याच्यासारखा हात जिल्ह्यात नाही. पण ते पुढे म्हणाले, "न्हाई, ते स्लॉट तोडल्याचं काहीतरी ऐकलं होतं. तुमच्याच तोंडून म्हणे." आणि हसले.

मी हसलो. हसलो, आणि – रंगवून सांगितली. पायासकट. कोलमडण्यासकट. कारण "तो मी होतो" म्हणायची ती शेवटची सोपी जागा होती, आणि मी ती पुढे ढकलली. व्हिडिओतल्या दहा सेकंदांसारखी.

काम दुसऱ्या कुणाला मिळालं. मिलिंदने एवढंच सांगितलं, "न्हाई झालं दाजी. असू द्या." त्या पावसाळ्यात त्याने दुकानातला अर्धा भाग एका झेरॉक्सवाल्याला भाड्याने दिला.

गेल्या महिन्यात प्रज्ञाने त्याच डब्यासाठी आणखी ताकदीचं कार्ड मागवलं. ती आता घरून काम करते, आणि तो डबा बदलायला काही तयार नाही. मिलिंद आला, त्या कार्डाला वीज जास्त लागते म्हणून पॉवर सप्लायही नवा घेऊन आला. चहा नंतर म्हणाला. प्रज्ञा शेजारी उभी, माझ्या हातात बॅटरी. त्याने मागचा स्क्रू काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, तुम्ही दाबा ती खिटी. बोटानं. खाली."

मी दाबली. टिक झालं, आणि कार्ड अलगद वर आलं. जोर म्हणून लागला नाही. सहा वर्षं, आणि एवढंच होतं ते.

"बराबर," तो म्हणाला. टोमणा नव्हता. शिकवत होता. मी इतक्या पोरांना शिकवलं, कुणाला इतक्या मायेने एकदाही "बराबर" म्हणालो नसेन.

मग त्याने पिशवीतून बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक अणकुचीदार, कशाला लागू नये म्हणून त्यावर त्याने टोपण चढवलेलं. लाल. माझ्या पेनाचं. वापरून वापरून कडेचा रंग उडालेला. त्याने ते दातांत धरून काढलं, काम केलं, परत चढवलं, पिशवीत टाकलं. माझ्याकडे बघितलंही नाही. दुकानात, गावोगावच्या घरांत, सहा वर्षं रोज ते त्याच्या हातात होतं. फेकलं नाही. दाखवलंही नाही.

येत्या रविवारी मंठ्याला मिलिंदच्या घरी आम्ही सगळे जमतोय. जेवणं होतील, लोक सरकून बसतील, खुर्ची मला मिळेल, आणि कुणीतरी म्हणेल – दाजी, ते ऑपरेशन.

स्लॉट मी मोडला. मिलिंदने जोडला. अंबडचं काम त्याचं होतं, आणि ते मी घालवलं, हसत हसत. रविवारी हे मी सतरंजीवर बसून सांगणार आहे, असाच्या असा. यात कुणी हसण्यासारखं काही नाही.