उजव्या डोळ्याची कडी

रंगभूमीवर मी संशयी नवऱ्यांच्या बायका इतक्या वेळा झाले, की खऱ्या आयुष्यात लग्न करायचं राहूनच गेलं. केसांना धरून ओढली गेले, दाराबाहेर काढली गेले, एकदा तर खोट्या तलवारीच्या खऱ्या मुठीचा मार खाऊन दात हलला. त्यामुळे जळणारा नवरा मला दुरून ओळखू येतो. त्याचा आवाज आधी बसतो, मग चढतो. पण भिंगवाल्यांसारखा मत्सर मी कुठल्याच नाटकात पाहिला नाही. नाटकातला नवरा विचारतो, "कोण आहे तो?" आमचे भिंगवाले विचारत होते, "किती नंबराचा आहे तो?"

भिंगवाले म्हणजे माझ्या खोलीखालचे चष्मेवाले. दुकान अरुंद, खोल, आणि सदैव ओलं. भिंगाची कड घासायच्या चाकावर पाणी ठिबकत असतं आणि खाली पांढरट गाळ साचतो. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, त्याच्यासमोर उंच पाठीची खुर्ची, आणि एका खणात गिऱ्हाइकं परत न्यायला विसरलेले चष्मे. तो खण उघडला की वाटायचं, आमच्या जुन्या कंपनीतली सगळी माणसं आपापले चेहरे इथे काढून ठेवून गेली आहेत. अर्ध्या गावाच्या नाकावर भिंगवाल्यांचा हात फिरलेला. माणसांची नावं ते विसरत, नंबर कधी नाही.

वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, दुकानात बसत नसत. मुलगी लग्न होऊन दूर गेल्यावर घर त्यांना खायला उठलं. तेव्हा भिंगवाल्यांनी स्वतःच त्यांना एक दुर्बीण आणून दिली. "बागेत रविवारी पक्षी बघणाऱ्यांचा घोळका जातो. तूही जा. पाय मोकळे होतील." झालं. पाय मोकळे झाले, मनही झालं. वहिनी येताना वटवट्या, सुतारपक्षी, हळद्या असं काय काय घेऊन यायच्या, आणि भिंगवाले जेवता जेवता ऐकायचे. दोन वर्षं सगळं सुरळीत होतं. तिसऱ्या वसंतात माशी शिंकली.

एका दुपारी मी चष्म्याचा सैल स्क्रू घेऊन खाली गेले. दुकानात कुणी नव्हतं. स्क्रू पिळता पिळता ते म्हणाले, "ताई, एक विचारू? तुम्ही नाटकातल्या."

"म्हणजे खोटारडी, असंच ना?"

"नाही हो. माणूस ओळखणाऱ्या." त्यांनी दाराकडे बघितलं. "पन्नाशी उलटलेली बाई एकाएकी चष्मा का सोडेल?"

"चष्म्याशिवाय वाचता येत असेल."

"तेच तर! येतंय! औषधाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवते मला. तरुण होत चाललीय ती, ताई. आणि टोपी घेतलीय. ही एवढ्या रुंद काठाची. इतकी वर्षं कधी टोपी घातली नाही."

"ऊन असतं."

"ऊन काय यंदाच पडायला लागलंय?" आवाज चढला. मग त्यांनी खणातून वहिनींची दुर्बीण काढली आणि मला तिचं मर्म समजावलं. मधलं चाक दोन्ही डोळ्यांसाठी. पण माणसाचे दोन डोळे कधी जुळे नसतात. तो फरक मिटवायला उजव्या नळीवर एक बारीक कडी असते. ती एकदा आपल्या डोळ्याला जुळवायची आणि विसरून जायची. वहिनींची कडी भिंगवाल्यांनी स्वतः जुळवली होती. "आता दर रविवारी ती फिरलेली असते. मी जागेवर आणतो. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच बाजूला, तेवढीच. म्हणजे कुणीतरी हिच्या दुर्बिणीतून बघतंय. कुणीतरी उजवा डोळा लावून, निवांत, रोजचं असल्यासारखं."

"आणि तो कोण, ते तुम्हाला माहीत आहे."

"बगळा," ते म्हणाले, आणि माझा स्क्रू मोडला.

बगळा म्हणजे त्या घोळक्याचा म्होरक्या. पूर्वी पुलांची मापं घेणारा माणूस, आता निवृत्त आणि विधुर. उंच, केस पांढरे शुभ्र, आणि दुर्बीण लावली की एक पाय नकळत उचलून धरायची सवय. टोपणनाव वहिनींनीच ठेवलेलं, त्याचंही भिंगवाल्यांना दुखत होतं. "मला लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी नाव ठेवलं नाही तिनं!"

तर मला हेर म्हणून पाठवण्यात आलं. म्हातारपणी भूमिका मिळाली, नाही कोण म्हणेल?

रविवारी सकाळी बागेच्या मागच्या फाटकापाशी मी उभी राहिले. झाडांना नुकती पालवी फुटत होती, पानं अजून इतकी लहान की फांदीवरचं काही लपत नव्हतं. घोळका छोटा: बगळा, एक पाववाला, एक परिचारिका, वहिनी आणि मी. या लोकांची एक रीत मला फार आवडली. पक्षी दिसला की बोट दाखवायचं नाही, तो उडतो. झाड म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची आणि हळूच म्हणायचं, "दोन वाजता, जाड फांदीच्या टोकाला." सगळ्यांच्या दुर्बिणी एकदम दोनावर. आमच्या दिग्दर्शकाला हे सुचलं असतं तर नृत्यांगना एकमेकींवर आदळल्या नसत्या.

पण मी पक्षी बघायला आले नव्हते. मी बघितलं ते असं: बगळा सगळ्यांना मोठ्यानं "चार वाजता" म्हणायचा, आणि मग वहिनींच्या टोपीखाली वाकून कानात आणखी काहीतरी सांगायचा. वहिनी हसायच्या. तळ्याकाठच्या बोरूच्या बेटाकडे उतरायला लाकडी पायऱ्या आहेत. तिथे बगळ्यानं न विचारता कोपर पुढे केलं, आणि वहिनींनी न बघता धरलं.

आता प्रेमात पडलेली बाई पायरी कशी उतरते, ते मी आयुष्यभर करून दाखवलेलं आहे. ती पायाकडे बघत नाही, तरंगते. वहिनी तरंगत नव्हत्या. त्या चवड्यानं पायरीची कड चाचपत होत्या.

हे सगळं मी भिंगवाल्यांना सांगितलं. ते चाकावर भिंग घासत ऐकत होते.

"दोन प्रवेशांच्या मधे दिवे घालवले की आम्ही असेच चालायचो," मी म्हणाले. "अंधारात. चवड्यानं कड शोधत."

"म्हणजे भान हरपलंय तिचं."

"भान नाही हो, मी अंधार म्हणत्येय."

"आणि कानात सांगत होता?"

"पक्ष्याची जागा सांगत असेल."

"बाकीच्यांना मोठ्यानं, आणि हिला कानात?" टच्च आवाज झाला. भिंगाचा टवका उडाला होता. कुणाच्या तरी उजव्या डोळ्याचं भिंग ते, बिचारं भलत्याच पापाची शिक्षा भोगून गेलं. "पुढच्या रविवारी मीच येतो," ते म्हणाले. "आणि त्याला सर्वांदेखत विचारतो. मग ही राहील तरी, नाहीतर जाईल तरी."

हसण्यावारी नेण्याजोगं ते बोलणं नव्हतं. आवाज बसलेला होता.

पुढच्या रविवारी भिंगवाले दुकानातल्याच बुटांनी आले. वहिनी आनंदून म्हणाल्या, "अहो, आज काय सूर्य पश्चिमेला!" भिंगवाले म्हणाले, "बघू कुठे उगवतो ते," आणि बगळ्याच्या न् वहिनींच्या मधे जाऊन उभे राहिले. बगळा मोठा सभ्य माणूस. त्यानं त्यांना स्वतःची दुर्बीण देऊ केली. "मला बघायला दुर्बीण लागत नाही," भिंगवाले म्हणाले. पाववाला माझ्या कानाशी पुटपुटला, "यांना काही चावलंय का?"

बोरूच्या बेटापाशी पोचलो. पाण्यातल्या एका मोडक्या खांबावर खंड्या येऊन बसला. निळा, इतका निळा की रंगमंचावर तसा दिवा लावला असता तर लोकांनी भडक म्हटलं असतं. "खांबावर, दहा वाजता," बगळा सर्वांना म्हणाला. मग भिंगवाल्यांच्या मागून वळसा घालून तो वहिनींकडे झुकला आणि कानात काहीतरी बोलला. वहिनींनी दुर्बीण लावली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं.

"दे इकडे," भिंगवाल्यांनी दुर्बीण हिसकली. पट्टा वहिनींच्या टोपीत अडकून टोपी खाली पडली. ते डोळ्याला लावून बघतात तर उजवीकडे सगळं पुसट. "हा डोळा कुणाचा आहे?"

खंड्या गेला.

"हळू बोला हो," परिचारिका म्हणाली.

"हळू काय! ही कडी मी लावलेली नाही. ही कुणाच्या डोळ्याला लावलीय?" आणि ते तरातरा बगळ्यासमोर गेले. मला वाटलं, आता हात उचलणार. हात उचललाही, पण त्यांनी बगळ्याची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. गिऱ्हाइकाचं वळवतात तसं. दोन्ही डोळ्यांत निरखून बघितलं.

"तुमचं ऑपरेशन झालंय," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांचं. आतल्या भिंगाची चमक दिसते."

"तीन वर्षं झाली."

"मग हा डोळा तुमचा नव्हे. दोन्ही सारखे करून घेतलेत, तुम्हाला कडी एवढी फिरवावी लागणारच नाही." ही त्यांची फार मोठी निराशा झाली. तयार केलेला खलनायक ऐन प्रवेशात निसटला. ते पाववाल्याकडे वळले.

"माझ्याकडे काय बघता? माझा चष्मा तुम्हीच केलाय!"

"म्हणूनच बघतोय." क्षणभर विचार केला. "नाही. तुझा नंबर उलट्या बाजूचा." परिचारिकेकडे नुसतं बघून मान हलवली. माझ्याकडेही बघितलं, मी मनातून सुखावले. सगळे डोळे संपले. मग ते वळले, आणि टोपी नसलेल्या वहिनी समोर उन्हात उभ्या होत्या. डावा डोळा उघडा, उजवा उन्हानं घट्ट मिटलेला.

भिंगवाले बराच वेळ नुसते बघत राहिले. मग दुर्बीण त्यांच्या हातात दिली. "लाव." वहिनींनी लावली. भिंगवाल्यांनी डाव्या नळीच्या तोंडावर आपला तळवा धरला. "आता सांग. काय दिसतंय?"

"पाणी."

"पाण्यात?"

वहिनींचं बोट कडीवर गेलं.

"खांब आहे ना तिथे? सांग."

"दुधात बुडवल्यासारखं आहे सगळं," वहिनी म्हणाल्या. "कडी फिरवली की जरा बरं दिसतं. मीच फिरवते."

मोतीबिंदू. पिकायला लागलेला मोतीबिंदू माणसाला काही दिवस जवळचं बिनचष्म्याचं वाचू देतो, उन्हात डोळा दिपवतो, नंबर सरकवतो. हे भिंगवाले रोज खुर्चीतल्या म्हाताऱ्यांना पाठ म्हणून दाखवायचे. मीही ऐकलेलं होतं.

"कधीपासून?" त्यांचा आवाज ओळखू येईना.

"थंडीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? मला?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी फिरणं बंद केलं असतंत. पडशील म्हणाला असतात. ऑपरेशनला मी भ्यायले होते. म्हटलं, बिघडलं तर? हा एक वसंत बघून घेऊ, मग काय व्हायचं ते होवो."

"पण याला सांगितलंस!"

"मी नाही सांगितलं. बोरूत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला मी पांढरा बगळा म्हणाले. हे गृहस्थ हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'माझंही असंच झालं होतं.' तेव्हापासून हळूच सांगतात, खांब कुठे, पायरी कुठे." वहिनींनी पडलेली टोपी उचलून झटकली. "तुम्ही गावाचे डोळे तपासता. संध्याकाळी घरी येऊन माझ्याकडे बघता ते चष्म्याची दांडी वाकलीय का ते. चष्मा सोडला, तर तेवढंही बघायचं सोडलंत. कडी मात्र दर रविवारी बघितलीत."

तळ्यावर एक वटवट्या जीव तोडून बोलत होता. परतताना पायऱ्यांपाशी बगळ्यानं सवयीनं कोपर पुढे केलं, आणि भिंगवाल्यांनी ते धरून अलगद बाजूला सारलं. स्वतःचं पुढे केलं. पण त्यांना पायऱ्या माहीत नव्हत्या; पहिल्याच पायरीवर तेच घसरले, आणि वहिनींनी त्यांना सावरलं.

त्या दुपारी दुकानाच्या उंच खुर्चीत वहिनी कित्येक वर्षांनी बसल्या. मी वरून ऐकत होते. तक्ता वाचून झाला तरी भिंगवाले "इकडे बघ, आता इकडे" म्हणत होते, आणि शेवटी वहिनीच म्हणाल्या, "अहो, पुरे, मान दुखली." संशय गेला, मत्सर काही गेला नाही. उलट आता त्याला चांगलं ठिकाण मिळालं. मला म्हणाले, "ताई, भिंगवाला मी, आणि कळलं बगळ्याला. माझ्या आधी. ते काही जात नाही मनातून." मी म्हणाले, "जाऊ देऊ नका. त्याच्या जोरावर तरी रोज डोळ्यांत बघाल."

ऑपरेशन नीट झालं. बगळा फळं घेऊन भेटायला आला. भिंगवाल्यांनी त्याला चहा दिला, त्याच्या वाचायच्या चष्म्याची वाकडी दांडी न सांगता सरळ करून दिली, आणि दारापर्यंत पोचवताना म्हणाले, "पुढच्या वेळी मला आधी सांगायचं."

"तुम्ही विचारलं असतं तर तेव्हाही सांगितलं असतं," बगळा म्हणाला.

या वसंतात भिंगवाले दर रविवारी येतात. दुकानातल्या बुटांच्या जागी आता खरे बूट आहेत. खंड्या अजून ओळखता येत नाही, निळं दिसलं की "तो, तो!" म्हणून बोट दाखवतात आणि उडवून लावतात. चालतात मात्र नेमके वहिनी आणि बगळा यांच्या मधे. परवा बोरूच्या बेटापाशी वहिनींनी दुर्बीण लावली आणि चटकन खाली घेतली. कडीवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका आहे, नव्या डोळ्याची जागा. शेजारी आता एक पांढराही ठिपका दिसत होता, आणि कडी त्याच्यावर होती.

वहिनींनी दुर्बीण उंच धरली आणि सर्वांदेखत विचारलं, "हा डोळा कुणाचा आहे?"

पाववाला खोकला. बगळा एका पायावर उभा राहून पलीकडे बघू लागला.

"माझा," भिंगवाले म्हणाले. "कालच लावला. एकच तर आहे दुर्बीण."