डाग नसलेली फाईल

वाशीमजवळच्या मालेगावच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या संघदीप सरांच्या शर्टावर कुणी कधी सुरकुती पाहिली नाही. फळ्यावर एक अक्षर वाकडं गेलं तरी पुसून पुन्हा लिहिणार. पोरं पाठीमागं हसायची. हसणाऱ्यांना काय माहीत! सरांचे वडील जानराव धनज गावात लोकांच्या वावरात राबले, पण लेकाच्या वहीला कव्हर घालताना आधी हात धुवायचे. म्हणायचे, "आपल्या वहीवर डाग दिसला ना बापू, तं लोक वही नाही पाह्यत, आपल्याले पाह्यतात." बापाचं ते वाक्य अंगात भिनवून संघदीप शिकला आणि प्राध्यापक झाला.

नव्या अभ्यासक्रमात पोर्टफोलिओ आला, तेव्हा सरांना तो मनापासून आवडला. नुसत्या परीक्षेवर भिस्त नको. पोरांनी सत्रभर जे लिहिलं ते खाडाखोडीसकट एका फाईलमध्ये साठवायचं आणि कोण कुठून कुठवर आला ते पाहून गुण द्यायचे. पोरांनी अर्थातच निम्मं काम गाईडातून उतरवलं. तनुजानं मात्र खरोखर लिहिलं.

तनुजा गावाला लागून मळा असलेल्या चंपतरावांची पोरगी. सकाळी मेथी उपटायची आणि तशीच वर्गात यायची. 'आमचा बाजार' हा तिचा पहिला लेख अगदीच भिकार होता. "बाजाराचे जीवनात फार महत्त्व आहे," अशी सुरुवात, पुढं सगळा भुसा. सरांनी लाल पेनानं विचारलं, "तुझी आई कुठं आहे यात?" तिनं पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटच्या लेखात तिची आई गोजराबाई तोंडानं गिऱ्हाइकाशी भांडत होती आणि हातानं त्याच्याच पिशवीत मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, जास्तीचा टाकत होती. सरांनी तो स्टाफरूममध्ये वाचला आणि चष्मा पुसत बसले. त्या फाईलला मातीची बोटं होती, बाण होते, चहाचा एक गोल डागसुद्धा होता. पोरगी लिहायला कशी शिकली, ते त्यात पानोपान दिसत होतं.

मग बाहेरच्या परीक्षक बाई येणार असल्याचं पत्र आलं. सरांनी टेबलावरचा फायलींचा ढीग पाहिला. हे असलं मळकं काम लोकांपुढं ठेवायचं? वर्गात जाऊन त्यांनी फर्मान सोडलं, "सगळं फेअर करून आणा. एक डाग दिसता कामा नये."

"सर, पयलावाला लेख बी फेअर करू?" तनुजानं विचारलं. "त्याच्यात लय चुका हायेत."

"चुका दुरुस्त करून लिही."

तिनं तसंच केलं. मोत्यासारखं अक्षर, एकच शाई, सगळी पानं सारखी.

परीक्षक बाईंनी तिची फाईल पुढून पाहिली, मागून पाहिली. "पहिला लेख इतका चांगला आणि शेवटचाही तसाच. मग सत्रभर तू शिकलीस काय? की कुणाकडून लिहून घेतलंस?"

तनुजानं सरांकडं पाहिलं. "मीच फेअर करायला सांगितलं होतं त्यांना," एवढंच सरांनी म्हणायचं होतं. सरांनी शर्टाची बाही नीट केली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. पोरगी काठावर पास झाली.

बाई गेल्यावर सर तनुजाच्या मागं धावले. "तुझे जुने कागद आण. मी बोलतो बाईंशी."

"ते तं आईनं टमाट्याच्या कॅरेटमंदी अंथरले, सर. गेले वाशीमले."

सर ते सत्र संपेपर्यंत धड जेवले नाहीत. आपल्या अब्रूसाठी आपण पोरीचं सत्रभराचं शिकणं पुसून टाकलं, हे त्यांना आतून खात होतं. बापाला तरी काय दोष द्यायचा? बापानं ते वाक्य लेकाला वाचवण्यासाठी सांगितलं होतं.

पुढच्या सत्रात पहिल्याच तासाला ते वर्गापुढं उभे राहिले. "माझी चूक झाली. या वेळी मला तुमची खाडाखोड पाहिजे. चुकांसकट द्या." पोरांनी माना डोलावल्या.

सत्राच्या शेवटी तनुजानं सगळ्यांच्या आधी फाईल आणून दिली. पानोपान काट मारलेली, बाण काढलेले, समासात दुरुस्त्या. एका कोपऱ्यात चहाचा गोल डागही होता. सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पान जरा उजेडात धरलं. प्रत्येक काट पट्टी लावून मारलेली होती.

"हे कसं लिहिलंस, तनुजा?"

"आधी फेअर लिहिलं, सर," ती आज्ञाधारकपणे म्हणाली, "मंग त्याच्यावरून रफ बनवलं. चुका कमी तं नाही पडल्या ना?"