फवारेबाई आणि कुलपाची किल्ली

फवारेबाईंनी कुणाला नमस्कार केला असेल, तर आधी त्याच्या हातांवर स्पिरिट फवारूनच. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत ते कुणी घेत नसे. चांदूर रेल्वे गावातल्या एका शाळामास्तरांची ही लेक सगळ्या माणसांना जंतूंची वाहनं समजायची. मी त्यांची विद्यार्थिनी, म्हणजे त्यांच्या लेखी दोन पायांची बुरशी.

आमचं काम असं: रोग्याच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा आणायचा, त्यातून थाळीत गाठीच्या बारीक जिवंत प्रतिकृती, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवायच्या आणि कुठलं औषध लागू पडतं ते आधी त्यांच्यावर बघायचं. आमच्याकडच्या बहुतेक गाठी तोंडाच्या, खर्र्याच्या, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या, कृपेने. तोंडाइतकी जंतूंनी भरलेली जागा शोधून सापडायची नाही. अकोल्याच्या इस्पितळातून थंड पेटीत आलेला तुकडा बाई अँटिबायोटिकच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायच्या आणि स्वच्छ ठरेपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. कुणी म्हणालं, धुण्यापेक्षा औषधच जास्त टाकू, की फिस्कारायच्या, "औषधानं घाण मरत नाई, लपते. कामचोरावानी."

आमचे साहेब, म्हणजे संचालक, गालात खर्रा धरून खर्र्याच्या कॅन्सरवर भाषणं द्यायचे. मला ते तेव्हाही पिकदाणीइतकेच आदरणीय वाटत. बाई त्यांना दारातच अडवायच्या. "सर, आधी तोंड धुवून या. इथं पेशंटची गाठ वाढून राहिली. तुमची नाई वाढवाची मले." साहेब हसायचे आणि मनात ठेवायचे.

त्या वर्षी परतवाड्याच्या एका जीपवाल्याचा तुकडा आला. गालाची गाठ काढली होती, पण ती परत येईल अशी सर्जनला धास्ती होती. आली तर कुठलं औषध द्यायचं, याचं उत्तर बाईंच्या थाळ्यांत वाढत होतं. गाठच उरली नव्हती, त्यामुळे दुसरा तुकडा मिळणार नव्हता. बाई सूक्ष्मदर्शकावर वाकून म्हणायच्या, "वाढा बावा, वाढा." आमच्याशी इतक्या गोड त्या कधी बोलल्या नाहीत.

मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा व्हायलाच हवी, असा साहेबांचा हट्ट. बाईंनी बाहेरच्या फ्रीजला झेंडू लावू दिला, खोलीला कुलूप घातलं आणि मला घेऊन नवा तुकडा आणायला अकोल्याला गेल्या. इकडे साहेबांनी दुसरी किल्ली काढली. आम्ही परतलो तेव्हा इन्क्युबेटरवर हळदकुंकू होतं, वर हार होता. पाहुण्यांना 'जिवंत कॅन्सर' दाखवायला त्यांनी दारही सताड उघडं ठेवलं होतं, असं शिपायाने सांगितलं.

काही दिवसांतच थाळ्यांवर पांढरी लव धरली. साहेब म्हणाले, "काहीतरी टाकून वाचवा की." बाईंनी सगळ्या थाळ्यांत ब्लीच ओतलं. "बुरशी लागल्यावर थाळी जे सांगन, ते खोटं असन," एवढंच बोलल्या.

जीपवाला चौकशीला आला. साहेबांनी तोंड भरून सांगितलं, "देवाची मर्जी!" बाई कडाडल्या, "देवाले मधात काहून आणता? भाऊ, तुमचा तुकडा बेस वाढला होता. आमी सडवला."

त्याला सगळं कळलं की नाही, कोण जाणे. टाके घातलेला गाल त्याने पुढे केला. "मंग अजून एक काढा ना, मॅडम. गाल हाय ना अजून."

सगळ्या जगाला फटकारणाऱ्या बाई त्याच्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांना फवारा आठवला नाही. मला रडू आवरेना.

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. जाताना खोलीचं कुलूप बदललं, माझ्या हातांवर स्पिरिट मारलं आणि किल्ली ठेवली. "एकच हाय. दुसरी करू नोको."

जीपवाल्याची गाठ परत आली. सर्जनने औषध अंदाजाने दिलं.

यंदाच्या खंडेनवमीला साहेब पूजेचं ताट घेऊन खोलीपुढे आले. "देवाचं काम आहे, उघड."

किल्ली माझ्या मुठीत होती. मी म्हणाले, "सर, तोंड धुवून या." ते धुवून आले, तरी मी उघडलं नाही.