पायात वाळं असलेला पक्षी

सांगलीच्या स्टँडवरून आम्ही दहिवडीची एस.टी. धरली. सोबत रशियाच्या पक्षीशास्त्रज्ञ वेराबाई होत्या. सत्तरच्या दशकातले ते दिवस, गोरी बाई दिसली की अख्खी गाडी माना वळवायची.

उत्तर ध्रुवालगतच्या दलदलीत अंडी घालणारे पक्षी हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर उतरतात. वेराबाईंनी तिकडे त्यांच्या पायांत कड्या घालायच्या, मी कॉलेजातलं शिकवणं सांभाळून इकडे त्या शोधायच्या, असा दोन देशांचा मिळून उद्योग चालला होता. पाणथळी दोन्हीकडच्या राखायच्या, तर पक्षी जातो कुठे ते आधी कळायला हवं ना! माणमधल्या एका धनगराकडे असा पक्षी असल्याचा निरोप आला आणि आम्ही निघालो.

विट्याला बाईंनी हौसेने मिरचीची भजी खाल्ली. ध्रुवाची थंडी सोसणारी बाई मायणीपर्यंत नुसती पाणी पीत होती.

तळ्याकाठी त्या धनगराचा, बिराअण्णांचा वाडा (मेंढरांचा तळ) होता. पक्षी डालग्याखाली (कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली) बसला होता.

"कुत्र्याच्या तोंडातनं सोडवला, मास्तर. पायात वाळं दिसलं. दुसऱ्याची खूण आसलेलं जित्राब मालक येस्तवर राखायचं, आमची रीतच हाय. चारा सपला, बाकीचं वाडं गेलं. आमी होळीपास्नं हितंच."

त्यांची मेंढरं खरोखरच खंगली होती. बाईंचा चेहरा मात्र पक्षी पाहून उतरला. थवे उत्तरेला निघाले होते. बसून बसून याचे पंख आखडले असतील, तर हा इथेच मरणार होता. मी ते सांगितल्यावर अण्णांनी घाईने डालगं उचललं.

बाईंनी पक्षी काठावर ठेवला. तो चार पावलं चालला आणि थांबला.

"आवं, सोडता? मग मालक कोन याचा?"

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुणीच नाही. तिकडे असताना आम्ही राखायचा, इथे असताना तुम्ही."

मी ते अण्णांना सांगेपर्यंत पक्षी उडाला. आधी पाण्याला लागेल इतका खाली गेला, मग सावरला आणि पलीकडच्या थव्यात मिसळला. अण्णा कितीतरी वेळ तिकडे बघत राहिले. मग बिऱ्हाड बांधायला लागले.

"तिकडं नीट राखा म्हनावं बाईस्नी. हिकडं आला की आमी हायच."

परतीच्या गाडीत मी अण्णांचं सगळं बोलणं बाईंना सांगितलं, तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून रडल्या. पक्षी ध्रुवापर्यंत पोचला का, ते कधीच कळलं नाही. बाईंचीही पुन्हा भेट नाही. पण उपाशी मेंढरं थांबवून एका माणसाने परक्याचं जित्राब राखलं, आणि ज्यांचं म्हणून राखलं त्यांनीच ते आपलं नाही म्हणून सांगितलं, हे आठवलं की अजूनही माझी नजर तळ्यावर उतरलेल्या पक्ष्यांच्या पायांकडे जाते.