चार पावलं

बाळंतपणाच्या विभागात सगळे तिला आक्का म्हणत. डॉक्टर, आया, लिफ्टवालासुद्धा. सख्खा भाऊ मात्र कधीमधी फोन करून "काय म्हणताय?" असं पाहुण्यासारखं विचारी. लग्न राहून गेलं. घर म्हणजे एक खोली, बसायला एक खुर्ची आणि कपडे टाकायला दुसरी.

परिचारिका म्हणून तिचा हात चपळ. दिवस भरण्याआधीच एखादं मूल जन्मलं, की डॉक्टर लगेच नाळ कापून ते आक्काच्या ऊबदार टॉवेलात देत. ते छातीशी धरून ती भिंतीलगतच्या, बाळाला ऊब देणाऱ्या टेबलाकडे निघे. तेवढी चार पावलं ते मूल आईचं नसे, मुलांच्या डॉक्टरांचंही नसे, आक्काचं असे. आक्का निघाल्या की मूल पळवल्याची पोलिसात वर्दी द्यावीशी वाटते, असं आया चिडवत. आक्का हसण्यावारी नेई. त्या चार पावलांवर आपण दिवस काढतो, हे सांगणार कुणाला?

मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या. बाळ श्वास घेत असेल तर नाळ घाईनं कापायची नाही, मिनिटभर तरी थांबायचं, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. वारेत राहिलेलं रक्त तेवढ्यात बाळाकडे येतं आणि अपुऱ्या दिवसांच्या जिवाला ते फार मोलाचं असतं. टेबलालाही चाकं लावली. ते आता थेट पलंगाला भिडू लागलं.

आक्काला सगळं पटलं. तरी तिची चार पावलं गेलीच. ओपीडीत बदली मागावी, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात एक बाई एकटीच दाखल झाली. नवरा दूर गावी, वाटेत अडकलेला. मूल ओंजळीएवढं, पण बारीकसं रडलं. डॉक्टरीणबाईंनी ते आक्काच्या हातात दिलं आणि पलंगाशीच, आईच्या अंगापेक्षा जरा खाली धरायला सांगितलं. आक्कानं टॉवेल लपेटला आणि सवयीनं भिंतीकडे वळली.

"आक्का, निघालात कुठं?"

नाळ ताणली जायच्या आत ती थबकली. ओशाळून पुन्हा पलंगाकडे वळली. बोटाशी नाळ नाडीसारखी उडत होती आणि काळसर निळं अंग हळूहळू गुलाबी होत होतं. चार पावलांच्या धांदलीत हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"नेलं का हो त्याला?" आईनं विचारलं. तिला पडल्या पडल्या काही दिसत नव्हतं.

"नाही. अजून तुम्हालाच बांधलेलं आहे."

"मग तुम्हीही थांबा ना जरा."

आक्का थांबली. तिला थांब म्हणणारं कितीतरी दिवसांत कुणी भेटलं नव्हतं. पुढे नाळेतले ठोके मंदावले, डॉक्टरीणबाईंनी चिमटा लावून ती कापली, मूल शेजारच्या टेबलावर गेलं. आक्काच्या हातात कोमट टॉवेल उरला.

बदलीचं बोलायला ती गेली नाही. घरी आल्यावर तिनं दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे घड्या करून कपाटात ठेवले. चहा घेऊन बसली, तर समोर ती खुर्ची रिकामीच होती.